साझाए-सान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकणारे विद्यार्थी, व्यंगचित्रांचे चाहते आणि नोकरीनिमित्त जपानमध्ये राहिलेले मराठी वाचक 'साझाए-सान'विषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. गोंधळ टाळण्यासाठी या पानावर छापील मालिकेला सर्वत्र 'चित्रपट्टी' किंवा नुसते 'पट्टी' म्हटले आहे, आणि दूरचित्रवाणीवरील सचेतन मालिकेला 'टीव्ही मालिका'. हा भेद एकदा लक्षात घेतला, की निम्म्या शंका आपोआप सुटतात.

1. साझाए-सान म्हणजे नेमके काय आहे?

माचिको हासेगावा यांनी लिहिलेली आणि रेखाटलेली, एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या रोजच्या जगण्यावरची ही चार चौकटींची दैनिक चित्रपट्टी आहे. तिचा पहिला भाग 22 एप्रिल 1946 रोजी फुकुओका शहरातील 'फुकुनिची' या सायंदैनिकात छापून आला. डिसेंबर 1949 पासून ती 'आसाही' या देशव्यापी वृत्तपत्राच्या सायंकाळच्या आवृत्तीत आणि 16 एप्रिल 1951 पासून त्याच वृत्तपत्राच्या सकाळच्या आवृत्तीत येऊ लागली. 21 फेब्रुवारी 1974 रोजी ती थांबली. मध्ये काही वेळा मोठे खंड पडले, तरीही पट्ट्यांची एकूण संख्या साडेसहा हजारांच्या आसपास जाते.

2. नावाचा उच्चार 'साजाए' करावा की 'साझाए'? आणि 'सान' हे आडनाव आहे का?

'झ' हा 'माझा' किंवा 'झाड' या शब्दांतल्यासारखा उच्चारावा, 'झेंडा'मधल्यासारखा नव्हे. हा वर्ण मराठीत आधीपासून असल्यामुळे हे नाव आपल्याला अनेक भारतीय भाषकांपेक्षा सोपे जाते. 'सान' हे आडनाव नसून कोणाच्याही नावापुढे लागणारा आदरार्थी प्रत्यय आहे. तो स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, त्यामुळे 'ताई' किंवा 'राव' यांपैकी कोणताही एक शब्द त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

3. सगळ्यांची नावे माशांची का आहेत?

सगळी माशांची नाहीत, पण सगळी समुद्राची आहेत. हासेगावा त्या काळात फुकुओकामध्ये राहत होत्या, आणि तेथील मोमोची किनाऱ्यावर फिरताना त्यांना ही नावे सुचली. साझाए हा पगडीसारखा पीळ असलेला शंख असून तो कवचासकट भाजून खातात. धाकटा भाऊ कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा, तर धाकटी बहीण वाकामे म्हणजे सूपमध्ये घालतात ते समुद्री शेवाळ. वडील नामिहेई यांच्या नावात 'लाट' आहे, आईचे नाव फुने म्हणजे 'होडी', आणि इसोनो या आडनावातला 'इसो' म्हणजे खडकाळ किनारा. नवरा मासुओ याच्या नावात ट्राउट मासा आहे आणि त्याच्या फुगुता या आडनावात फुगु, म्हणजे कोकणात ज्याला केंड म्हणतात तो विषारी मासा. मुलगा ताराओ हा कॉड. नात्यातल्या एका बाळाचे नाव इकुरा, म्हणजे सामन माशाची गाबोळी, आणि त्याच्या आईचे नाव ताईको. हे नाव वाचून मराठी माणसाच्या ओठांवर 'ताई' येणे साहजिक आहे, पण येथे 'ताई' हाही एक मासाच आहे.

4. घरात कोण कोणाचे कोण लागते?

घर नामिहेई आणि फुने इसोनो यांचे. त्यांची तीन मुले म्हणजे विवाहित थोरली साझाए, शाळकरी कात्सुओ आणि त्याच्याहून लहान वाकामे. त्याच घरात साझाएचा नवरा मासुओ आणि त्यांचा लहानगा ताराओ, म्हणजे सर्वांचा 'तारा-चान', राहतात. थोरल्या बहिणीत आणि धाकट्या भावंडांत वयाचे अंतर मोठे असल्यामुळे कात्सुओ हा ताराओचा शाळकरी मामा आणि वाकामे ही त्याची शाळकरी मावशी ठरते. मात्र ताराओ त्यांना 'दादा' आणि 'ताई' अशा अर्थाच्या शब्दांनीच हाक मारतो, आणि म्हणूनच पुष्कळ नवे वाचक या तिघांना सख्खी भावंडे समजतात.

घरी वारंवार येणारा नोरिसुके हा नामिहेई यांच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे साझाएचा आतेभाऊ. ताईको त्याची बायको आणि इकुरा त्यांचे बाळ. नामिहेई यांना उमिहेई नावाचा जुळा थोरला भाऊही आहे. नामिहेई यांच्या टकलावर एकच केस आहे आणि उमिहेई यांच्या टकलावर दोन, एवढ्याच खुणेवरून दोघे ओळखू येतात.

5. मग मासुओ घरजावई आहे का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'राहतो तसा, पण कायद्याने नाही' असे द्यावे लागते. जपानमध्ये जावयाला रीतसर दत्तक घेण्याची जुनी प्रथा आहे. मुलगा नसलेले घराणे अशा प्रकारे जावयाला आपले आडनाव देऊन वंश, व्यवसाय आणि पूर्वजांची देव्हाऱ्यातली सेवा पुढे चालवत असे. मासुओच्या बाबतीत यातले काहीही झालेले नाही. इसोनो कुटुंबाला कात्सुओ हा मुलगा आहे, मासुओचे आडनाव फुगुताच राहिले आहे, आणि लग्नानंतर साझाए व पुढे ताराओ हेही फुगुताच आहेत. म्हणजे एका छपराखाली दोन आडनावांची दोन कुटुंबे राहतात.

ही व्यवस्था त्या काळातल्या कायद्याच्या संदर्भात पाहिली तर अधिक रंजक वाटते. युद्धापूर्वीच्या नागरी कायद्यात 'घराणे' हा कायदेशीर घटक होता आणि त्याच्या प्रमुखाला सदस्यांचे विवाह व निवास यांबाबत अधिकार होते. सुधारित नागरी कायदा 1 जानेवारी 1948 पासून लागू झाला आणि ही पद्धत संपली. पती-पत्नीने दोघांपैकी कोणाचेही एक आडनाव घ्यावे एवढीच अट उरली. सासरच्या दडपणाशिवाय माहेरी राहणारी विवाहित मुलगी आणि सासऱ्यांबरोबर संध्याकाळी निवांत साके पिणारा जावई ही जोडी त्या बदलानंतरच्या जपानची आहे.

दोघे माहेरी राहायला येण्याचे चित्रपट्टीतले कारण मात्र कायद्याशी संबंधित नाही. भाड्याच्या घरात राहत असताना मासुओने सरपणासाठी घरमालकाचे फळ्यांचे कुंपणच करवतीने कापले आणि मालकाने त्यांना घराबाहेर काढले. जपानीत पुढे बायकोच्या आई-वडिलांबरोबर, पण स्वतःचे आडनाव राखून राहणाऱ्या नवऱ्याला 'मासुओ-सान' म्हणण्याची पद्धतच पडली.

6. लेखिकेविषयी थोडक्यात सांगाल का?

माचिको हासेगावा यांचा जन्म 30 जानेवारी 1920 रोजी सागा प्रांतात झाला आणि बालपण फुकुओकामध्ये गेले. वडिलांच्या मृत्यूनंतर आई आणि तीन बहिणी टोकियोला आल्या. तेथे किशोरवयातच माचिको या सुइहो तागावा या त्या काळच्या अतिशय लोकप्रिय व्यंगचित्रकारांकडे शिकू लागल्या. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात कुटुंब पुन्हा फुकुओकाला गेले, आणि युद्ध संपल्यानंतर काही महिन्यांतच ही पट्टी सुरू झाली.

त्यांनी लग्न केले नाही. आई आणि बहिणींबरोबरच त्या राहिल्या. थोरली बहीण मारिको आणि माचिको यांनी मिळून 'शिमाईशा' (शब्दशः 'बहिणींची संस्था') हे स्वतःचे प्रकाशन काढले आणि पट्टीचे खंड स्वतःच छापले. पहिला खंड त्यांनी आडव्या, मोठ्या आकारात काढला. पुस्तकांच्या दुकानांतल्या फळ्यांवर तो मावेना, म्हणून प्रती परत येऊ लागल्या. दुसरा खंड लहान आकारात काढल्यावर मात्र विक्रीने वेग घेतला. पुढे शिमाईशाने 68 खंड प्रसिद्ध केले. माचिको यांचे निधन 27 मे 1992 रोजी झाले. त्यांच्या इच्छेनुसार ती बातमी सुमारे महिनाभराने जाहीर करण्यात आली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना जपान सरकारचा राष्ट्रीय सन्मान पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

7. सुरुवातीला साझाए अविवाहित होती, हे खरे आहे का?

खरे आहे. फुकुओकातल्या पहिल्या पट्ट्यांमध्ये ती आई-वडिलांच्या घरातली धांदरट, तरुण मुलगी आहे. हासेगावा टोकियोला परतणार म्हणून तेथील पट्टी गुंडाळण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी साझाएचे लग्न लावून दिले. पट्टी पुढे टोकियोत पुन्हा सुरू झाली, तेव्हा नायिका विवाहित होती आणि कुटुंबही टोकियोवासी झाले होते. ज्या लग्नाने गोष्ट संपायची, तेथूनच ती खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

8. रोजच्या घरगुती विनोदांना एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण तो 'रोज' कोणता होता, हे पाहावे लागते. जपानी स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले ते 10 एप्रिल 1946 रोजी, आणि त्यानंतर बाराव्या दिवशी ही पट्टी सुरू झाली. देश अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता, शहरे जळालेली होती, तांदूळ रेशनवर होता आणि उरलेले काळ्या बाजारात मिळत होते. सुरुवातीच्या पट्ट्यांतला विनोद रांगांवर, टंचाईवर, जुन्या कपड्यांवर आणि नव्याने कानावर पडू लागलेल्या 'लोकशाही' या शब्दावर उभा आहे. त्यानंतर घरात धुलाई यंत्र येते, टीव्ही येतो, शेजाऱ्यांशी तुलना सुरू होते, मुलांच्या परीक्षांची चिंता वाढते, आणि शेवटच्या वर्षांत महागाई व 1973 चे तेलसंकट येऊन ठेपते.

हासेगावा यांनी यातले काहीही 'इतिहास' म्हणून काढले नाही. सकाळी वाचकाच्या घरात जे घडत होते ते काढले. पण 28 वर्षांच्या पट्ट्या सलग वाचल्या, तर पराभूत देश सुखवस्तू कसा झाला, याची इतकी बारीक नोंद क्वचितच कोठे सापडते. मोठ्या घटना येथे स्वयंपाकघराच्या दारातून आत येतात. माझ्या मते पट्टीचे मोल येथेच आहे, आणि टीव्ही मालिकेत नेमके हेच हरवले (प्रश्न 11 पाहा).

9. चार चौकटी कोणत्या क्रमाने वाचायच्या?

वरून खाली. जपानी वृत्तपत्रातली अशी पट्टी उभी असते; एका पानावर दोन पट्ट्या शेजारी असतील, तर उजवीकडची आधी वाचावी. चार चौकटींची पारंपरिक घडण अशी असते, की पहिलीत प्रसंग उभा राहतो, दुसरीत तो पुढे जातो, तिसरीत कलाटणी मिळते आणि चौथीत शेवट येतो. हासेगावा अनेकदा शेवटची चौकट शब्दांशिवाय ठेवतात. म्हणून विनोद कळला नाही असे वाटले, तर संवाद पुन्हा वाचण्याऐवजी चित्रातले कपडे, हातातली वस्तू किंवा मागे उभा असलेला माणूस पाहावा.

10. पात्रांची वये वाढत नाहीत का?

सुरुवातीला वाढली, साझाएचे लग्न झाले, ताराओ जन्मला आणि चालू-बोलू लागला. त्यानंतर मात्र काळ पुढे सरकला आणि माणसे तेथेच राहिली. टीव्ही मालिकेत तर कात्सुओ कायमचा पाचवीत आणि वाकामे कायमची तिसरीत आहे. नामिहेई यांचे वय तेथे 54 धरले आहे, आणि आजच्या वाचकाला ते आजोबांसारखे का दिसतात, असा उपप्रश्न हमखास येतो. पट्टी छापली जात होती त्या काळात जपानी कंपन्यांमध्ये निवृत्तीचे वय बहुधा 55 असे. म्हणजे त्या हिशेबाने ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले गृहस्थ आहेत.

11. मी फक्त टीव्ही मालिका पाहिली आहे. चित्रपट्टी तशीच असते का?

नाही. टीव्ही मालिका 5 ऑक्टोबर 1969 रोजी फुजी वाहिनीवर सुरू झाली, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे दोन्ही एकाच वेळी चालू होत्या. मालिकेतली साझाए उत्साही, विसराळू आणि प्रेमळ आहे. पट्टीतली साझाए त्याशिवाय तिखटही आहे. ती भांडते, हसे करून घेते आणि दुसऱ्याचे हसे करतेही. पट्टीत चोर, दारावर येऊन वस्तू गळ्यात मारणारे विक्रेते, बेघर माणसे आणि राजकारणी दिसतात. मालिकेतले जग बहुतांशी घर, शाळा, कचेरी आणि बाजार एवढ्यात सामावते.

सर्वांत मोठा फरक काळाचा आहे. पट्टी दरवर्षी आपल्या वर्तमानाबरोबर चालली. मालिका एका सुखद भूतकाळात थांबली. तिच्यातल्या घरात आजही चकतीचा काळा दूरध्वनी आहे आणि कुटुंब एका बुटक्या मेजाभोवती जमिनीवर बसून जेवते. ऋतू, सण आणि शाळेच्या सुट्ट्या नेमाने येतात, पण मोबाइल येत नाही. त्यामुळे मालिका पाहून 'जपानी कुटुंब असे असते' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना सावध करावेसे वाटते, कारण तीन पिढ्यांचे असे घर आज खुद्द टोकियोतही सर्रास आढळत नाही.

12. जागतिक विक्रम चित्रपट्टीचा आहे की मालिकेचा?

मालिकेचा. सर्वाधिक काळ चाललेली सचेतन दूरचित्रवाणी मालिका म्हणून गिनीज संस्थेने 2013 मध्ये तिची नोंद केली. साझाएचा आवाज मिदोरी कातो या पहिल्या भागापासून देत आहेत.

13. 'साझाए-सान विकार' हा खराखुरा आजार आहे का?

वैद्यकीय आजार नाही; बोलीभाषेतली थट्टा आहे. मालिका रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. तिचे शेवटचे गाणे वाजू लागले, की सुट्टी संपली आणि उद्या कचेरी किंवा शाळा, या जाणिवेने जो उदासपणा येतो, त्याला हे नाव पडले आहे.

14. शेवटच्या भागात सर्वजण विमान अपघातात सापडून पुन्हा समुद्री जीव होतात, हे कोठे पाहायला मिळेल?

कोठेही नाही, कारण असा भाग नाही. कुटुंब परदेशी सहलीला निघते, विमान समुद्रात पडते आणि प्रत्येकजण आपल्या नावाप्रमाणे मासा किंवा शंख होऊन पाण्यात परततो, ही जपानमध्ये तोंडोतोंडी पसरलेली दंतकथा आहे. ती नावांवरून (प्रश्न 3) इतकी सहज सुचते, की कोणी तरी ती रचणारच होते. टीव्ही मालिकेला शेवटचा भागच नाही. चित्रपट्टीची अखेरची पट्टीही निरोपाची म्हणून काढलेली नव्हती. पट्टी तेवढ्यापुरती थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही.

15. साझाए स्त्रीवादी आहे की पारंपरिक गृहिणी?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पत्रे येतात. पहिल्या वर्षांतली साझाए स्त्रियांच्या हक्कांवरच्या सभांना जाते, पुरुषांना ठणकावते आणि नवऱ्यापुढे दबून राहत नाही. दुसरीकडे ती घर सांभाळते, स्वयंपाक करते आणि तिचे जग बरेचसे माजघर ते बाजार एवढेच राहते. मला वाटते, तिला एखाद्या विचारसरणीत बसवण्यापेक्षा तिला काढणारी बाई पाहावी. पुरुषांनी भरलेल्या व्यवसायात, स्वतःचे प्रकाशन चालवत, देशातल्या मोठ्या वृत्तपत्राची रोजची जागा सांभाळणाऱ्या हासेगावा यांचे आयुष्य साझाएपेक्षा कितीतरी अधिक बंडखोर होते. त्यांनी 1966 ते 1971 या काळात एका साप्ताहिकात खोडसाळ म्हातारीवरची दुसरी पट्टीही चालवली. साझाएच्या तोंडी न शोभणारा सगळा कडवटपणा त्या म्हातारीच्या वाट्याला आला.

16. ही जपानची 'चिंटू' म्हणता येईल का?

मराठी वाचकाला पटकन कल्पना यावी म्हणून म्हणता येईल, पण फार ताणू नये. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ती चित्रमालिका 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली. रोज सकाळी वृत्तपत्र उघडताच ओळखीच्या घरात डोकावण्याची सवय दोन्हींनी लावली आणि दोन्हींकडे मुले मोठी होत नाहीत. मात्र तेथे जग लहान मुलाच्या नजरेतून दिसते आणि येथे तरुण गृहिणीच्या. शिवाय युद्धोत्तर टंचाईची पार्श्वभूमी (प्रश्न 8) ही साझाएचीच आहे.

17. जपानी येत नसेल किंवा नुकतेच शिकत असेल, तर कोठून सुरुवात करावी?

कोदान्शा इंटरनॅशनलने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात निवडक पट्ट्यांचे 12 द्वैभाषिक खंड काढले. त्यांत जपानी संवादाबरोबर इंग्रजी अनुवादही आहे. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ते मिळाल्यास विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडतात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने हा प्रश्न तेथून विशेष येतो, म्हणून एक सूचना करतो. संवाद छोटे आणि बोलीतले असले, तरी वस्तूंची नावे, किमती आणि रेशनसंबंधी शब्द जुने आहेत. एखादा शब्द आजच्या शब्दकोशात सहज सापडला नाही, तर आपले व्याकरण कच्चे आहे असे समजू नये.

18. मी पट्ट्यांचा मराठी अनुवाद करून फुकट प्रसिद्ध केला, तर चालेल का?

परवानगीशिवाय नाही, पैसे घेतले नाहीत म्हणून स्थिती बदलत नाही. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे हक्क टिकतो, म्हणजे येथे तो 2052 च्या अखेरपर्यंत आहे. जपानने ही मुदत 2018 च्या शेवटी 70 वर्षे केल्यामुळे तेथे ती 2062 च्या अखेरपर्यंत जाते. हक्क टोकियोतील हासेगावा माचिको कलासंग्रहालयाकडे आहेत. समीक्षेच्या ओघात एखादी चौकट उद्धृत करणे आणि खंडच्या खंड अनुवादित करणे, यांत कायदा फरक करतो.

केवळ पात्रांचे चेहरे वापरले तर काय, हा पोटप्रश्नही येतो. एका जपानी बस कंपनीने आपल्या गाड्यांवर साझाए, कात्सुओ आणि वाकामे यांचे चेहरे रंगवले होते. 1976 मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला. चेहरे कोणत्या विशिष्ट चौकटीतून घेतले, हे दाखवण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही, आणि म्हणून हा निकाल जपानी कायद्याच्या वर्गांत आजही शिकवला जातो.

19. आसाहीत आज त्या जागी काय येते?

इतर काही पट्ट्यांनंतर 1991 मध्ये हिसाइची इशिई यांची यामादा कुटुंबावरची पट्टी आली, आणि 1997 पासून ती 'नोनो-चान' या नावाने चालू राहिली. तिचा विनोद अधिक कोरडा आणि घर अधिक आळशी आहे.

20. टोकियोत साझाएशी संबंधित काय पाहता येईल?

शिबुयाहून देन-एन-तोशी मार्गाने साकुरा-शिनमाची स्थानकावर उतरावे. तेथून कलासंग्रहालयापर्यंत चालत जाण्याच्या रस्त्याला साझाएचेच नाव आहे. संग्रहालय 1985 मध्ये बहिणींनी जमवलेल्या चित्रांच्या संग्रहासाठी सुरू झाले, त्यामुळे केवळ पट्टीच्या ओढीने जाणाऱ्यांची थोडी निराशा होत असे. 2020 मध्ये समोरच स्मारक दालन उघडल्यापासून ती अडचण दूर झाली आहे. फुकुओकाला जाणाऱ्यांनी मोमोची भागातली, नावे सुचल्याची खूण सांगणारी जागा पाहावी.

साकुरा-शिनमाचीत 2012 मध्ये कुटुंबातल्या सर्वांचे कांस्य पुतळे बसवले, तेव्हा नामिहेई यांच्या टकलावरचा तो एकमेव केस कोणी तरी उपटून नेला. दुरुस्ती केल्यावर तो पुन्हा नाहीसा झाला. तेव्हा तेथे गेल्यावर छायाचित्र जरूर काढावे, केसाला मात्र हात लावू नये.